भ्या कशाचं वाटलं ते लिव

आमच्या मॅडमएवढं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि लिहायला आम्हाला शिकवलं ते त्यांनीच.

मूळच्या त्या उमरीच्या. नांदेडला नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होत्या आणि रिटायर झाल्यावर तिथंच राहिल्या. दर रविवारी एसटीनं लातूरला यायच्या. औसा रोडला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नवऱ्याचा कोचिंग क्लास होता. पोरांची टेस्ट सुटली की दुपारी तिथली वरची खोली रिकामी व्हायची. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित आणि बाकांवर आम्ही नर्सा, कुणी सरकारीतल्या, कुणी खाजगीतल्या. मधूनच एखादा डॉक्टर. कुणाला एम.एस्सी. करायचं असायचं, कुणाला बढतीसाठी लेख छापून यायला हवा असायचा. वैद्यकीय जर्नलमध्ये लेख कसा लिहायचा, हे मॅडम आम्हाला शिकवायच्या.

बसमध्ये चढायच्या आधी त्या ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहून विचारायच्या, "झोप झाली का बाबा?"

नांदेड डेपोचे निम्मे ड्रायव्हर त्यांना ओळखायचे. "झाली मावशी, पोटभर झाली," म्हणायचे. तेवढ्यानं भागायचं नाही. मॅडम टाचा उंच करून त्याच्या डोळ्यांत बघायच्या, पापणी ओढून बघायचीच काय ती बाकी. एकदा एक ड्रायव्हर जांभई देताना दिसला तर त्यांनी ती बस सोडली. इकडे आम्ही सगळ्या वाट बघत बसलेल्या. सोडलेली बस वेळेत पोचली, आणि मॅडम ज्या बसमध्ये बसल्या ती चाकूरजवळ पंक्चर झाली. आम्ही पोट धरून हसलो. मॅडम नाही हसल्या. "पंक्चर परवडतं," एवढंच म्हणाल्या.

लिफ्टमध्ये त्या पाय ठेवायच्या नाहीत. वीज कडाडली की कानात कापूस. गल्लीत कुत्रं आडवं बसलेलं असलं तर अख्खा वळसा घालून यायच्या. आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "मॅडम, एवढ्या कामून भेता? लहानपणी काही झालं का?"

"सर्दी झाली तर कुनी इचारतं का, लहानपणी काय झालं मनून? भ्या वाटतं. बास."

"मग वॉर्डात कसं केलंत हो इतकी वर्षं?"

"वार्डात तर सगळ्यात जास्त वाटायचं," मॅडम म्हणाल्या. "भीत भीतच केली सारी नोकरी."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरून लेख लिहूनच नेला होता. नर्सिंग हा किती उदात्त पेशा आहे, इथून सुरुवात. इंग्रजीतून, डिक्शनरी घेऊन. मॅडमनी पहिली ओळ वाचली, कागदाची घडी केली आणि बाकावर ठेवून चक्क तिच्यावर बसल्या.

"ते ऱ्हाऊ दे. तुला ओटीत भ्या कशाचं वाटलं ते सांग."

मी लातूरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. बरीच वर्षं झाली होती. म्हणाले, "कशाचंच नाही मॅडम. आता सवय झाली."

"मंग तुज्याकडं लिवायला काई न्हाई. पुढच्या रविवारी ये."

आणि मला खरंच घरी पाठवलं.

शिकवायची तऱ्हाही निराळीच. बसल्या बसल्या हाताला काम पाहिजे, हा नियम. माझे मिस्टर डाळमिलमध्ये सुपरवायझर, त्यामुळे खडे असलेली डाळ आणायचं माझ्याकडं लागलं. पेपर अंथरायचा, त्यावर डाळ पसरायची, सगळ्यांनी निवडायची आणि निवडता निवडता एकेकीनं सांगायचं. मराठीतच. इंग्रजीचं नंतर बघू. "हात रिकामे असले की जीभ खोटं बोलती," असं त्यांचं म्हणणं. कागदावर 'इंजेक्शन देण्यात आले' दिसलं, की विचारायच्या, "कुनी दिलं? भुतानं दिलं का?" वर्गात अशा वाक्यांना आम्ही 'भुताचं वाक्य' म्हणायला लागलो. दवाखान्यातल्या कागदांवर भुतंच भुतं असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जिथं कुणीतरी भ्यालेलं असतं, तिथं हमखास एक भूत येऊन काम करून जातं.

उदगीरच्या एका सिस्टरनं पाठीला जखमा होतात त्यावर लिहिलं होतं. त्यात वाक्य होतं, 'रुग्णाची कूस बदलण्यात आली नाही.'

"कुनी न्हाई बदलली?" मॅडमनी विचारलं.

ती डाळीतला एकच खडा बोटानं इकडून तिकडं ढकलत राहिली. मग रडायलाच लागली. त्या पाळीला सगळ्या वॉर्डात ती एकटी होती. एकीकडं सलाईन संपलेलं, एकीकडं श्वास लागलेला.

"मंग तेच लिव," मॅडम म्हणाल्या. "'वार्डात मी एकटीच होते.' हे वाक्य झालं की बाकीचा लेख आपोआप येतो."

तो लेख पुढं छापून आला.

जर्नलकडून उत्तर आलं की मात्र मॅडमची अवस्था बघवत नसे. त्या दाराबाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथनं विचारायच्या, "मारलं का रागावलं?" मारलं म्हणजे लेख परत आला, रागावलं म्हणजे सुधारायला सांगितलं. रागावलं असलं तर त्यांच्या जिवात जीव यायचा. "रागावनाऱ्यानं निदान वाचलेलं असतंय," म्हणायच्या.

माझ्याकडं मात्र सांगण्यासारखं काही नव्हतं. मग एका सकाळी ते घडलं.

सिझर होतं. मुरूडच्या पलीकडच्या एका खेड्यातली बाई, पहिलंच बाळंतपण. टेबलावर बसवून तिला पुढं वाकवलं होतं, पाठ आमच्याकडं. खांदे थरथरत होते. भूल द्यायला एक तरुण डॉक्टर यायचे, शांत स्वभावाचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. ते तिला म्हणाले, "भिऊ नका ताई, काही होत नाही." मणक्यात सुई गेली. मी फोडून दिलेल्या अँप्यूलमधून भरलेली सिरिंज त्यांच्या हातात होती. ती सुईला लावायची, एवढंच राहिलं होतं.

आणि ते थांबले.

"सिस्टर, ती फोडलेली अँप्यूल दाखवा."

मी ट्रेमधून काचेची ती रिकामी कुपी उचलून त्यांच्यासमोर धरली. आम्ही दोघांनी नाव वाचलं. ते भुलेचं औषध नव्हतं. रक्तस्राव थांबवायचं होतं. शिरेतून दिलं तर जीव वाचवतं, मणक्यात गेलं तर जीव घेतं. दोन्ही कुप्या एकाच मापाच्या, आत तसंच पाण्यासारखं औषध, लेबलाचा रंगसुद्धा एकच. नवीन माल आला होता आणि दोन्ही एकाच कप्प्यात ठेवल्या जात होत्या.

डॉक्टरांनी सिरिंज बाजूला टाकली. मी दुसरी अँप्यूल आणली, दोघांनी तीन-तीनदा वाचली. ते पुन्हा म्हणाले, "भिऊ नका ताई, काही होत नाही." या वेळी त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. थोड्या वेळानं मुलगी झाली, चांगली रडली. बाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि हसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे दवाखान्याच्या मालकांना, सगळं सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "झालं नाही ना काही? मग विषय बंद."

विषय बंद झाला, पण माझ्या अंगातून ते जाईना. अँप्यूलची मान मोडतानाचा तो बारीक आवाज आला की माझे हात गार पडायचे. घरी मीठ टाकताना डब्यावरचं नाव वाचायला लागले. रविवारी डाळ निवडता निवडता माझे हात थांबले ते मॅडमनी पाहिलं. "हां," त्या हळूच म्हणाल्या, "आता सांग."

मी सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर थांबले कामून?"

"त्यांनाही सांगता येत नाही."

"त्यांना घिऊन ये."

डॉक्टर आले ते डोक्यावरचं हेल्मेट न काढता जिना चढून. कुणी ओळखू नये म्हणून. आत येऊन बसल्यावरही बराच वेळ त्यांनी ते काढलं नाही. मॅडमनी त्यांच्यापुढं डाळ सारली. निवडता निवडता ते म्हणाले, "मॅडम, मी रोज विचार करतो. लेबल मी पाहिलं नव्हतं. शंका आली नव्हती. हात नुसता थांबला. तो थांबला नसता तर?"

"म्हंजे वाचवलं कशानं?"

"कशानंच नाही."

"हेच लिवायचं हाय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या दवाखान्यात त्या बाईला वाचवनारं काई बी नव्हतं. नुसतं नशीब व्हतं. असं दुसरीकडं कुठं कुठं हाय, ते लोकान्ला बघू द्या."

आम्ही दोघांनी लिहिलं. डॉक्टर सवयीनं भुताची वाक्यं लिहायचे, 'चूक वेळीच लक्षात आली', आणि मॅडम फक्त त्यांच्याकडं बघायच्या. शेवटी ते वाक्य असं झालं: 'मी थांबलो. का थांबलो हे मला माहीत नाही.' ते लिहून झाल्यावर डॉक्टर उठून जिन्यात गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं.

लेख तयार झाला तेव्हा मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "त्या बाईला मालूम हाय का?"

"तिला कशाला सांगायचं मॅडम?" डॉक्टर म्हणाले. "तिला काही झालं नाही. नाव तर येणारच नाही लेखात."

"तिची पाठ हाय की त्यात. जर्नलवाले तिची संमती मागतेत. आनि नसती मागितली तरी?" असं म्हणून त्या स्वतःच घाबरून खिडकीबाहेर बघायला लागल्या. "सांगावं लागतंय. कसं सांगावं, ते मला बी मालूम न्हाई."

मालकांचीही परवानगी लागणार होती. मोठे डॉक्टर नाहीच म्हणतील आणि आपण सुटू, अशी आम्हा दोघांना आतून आशा होती. मॅडम सोबत आल्या. लिफ्ट सोडून जिन्यानं चढल्यामुळं त्यांना धाप लागली होती आणि काचेच्या दारातून आत जाताना त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मॅडमकडं वळले. "तुम्ही काय शिकवता हो? आमच्याच स्टाफला आमच्याविरुद्ध लिहायला?"

मॅडम म्हणाल्या, "सर, मला लई भ्या वाटून राहिलं. जरा पानी पिते."

पाणी पिऊन झाल्यावरही त्या बोलल्या नाहीत. मोठे डॉक्टर हसले. "आधी त्या पेशंटची सही आणा. आणली, तर माझ्याकडं या."

कोण आणतंय, असा त्याचा अर्थ होता. जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "वाईट मनानं बोलले, पर बरोबर बोलले."

डॉक्टरांच्या गाडीनं आम्ही गेलो. मॅडम सगळ्या रस्त्यानं वरचा दांडा धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. मुरूड मागं पडल्यावर म्हणाल्या, "मी गाडीतच बसते. तुमी जावा." पण घर आलं तेव्हा आमच्या आधी त्याच उतरल्या.

रानालगत घर होतं, दारात ट्रॅक्टर. सासूनं डॉक्टरांना ओळखलं. तिला वाटलं, बाळाला बघायला आले. तिनं खाट टाकली, पाणी आणलं, शेजारणींना हाका मारल्या, "आगं, दवाखान्याचे डॉक्टर आलेत घरी!" चहा आला. रांगायला लागलेली ती पोर तिनं उचलून थेट डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. "ह्येच ते डॉक्टर, बघ बया." डॉक्टरांनी पोरीला असं धरलं होतं, जसं काही ती काचेची आहे. बाई उंबऱ्यात उभी होती. नवरा आणि दीर रानातून आले. दारात पाच-पंचवीस माणसं जमली.

सांगायचं मॅडमनी कबूल केलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

डॉक्टरांनीच सांगितलं. सगळं, सोप्या शब्दांत, खाली बघत. चहावर साय धरली.

"म्हंजे काय झालं असतं?" नवऱ्यानं विचारलं.

"झटके आले असते. जीव गेला असता."

सासू पुढं झाली आणि तिनं पोरीला डॉक्टरांच्या मांडीवरून उचलून घेतलं. दीर म्हणाला, "गाडीची चावी आना इकडं." डॉक्टरांनी मुकाट्यानं काढून दिली. दारातली माणसं आणखी जवळ सरकली. कुणीतरी मोबाईल वर धरला. आता आपण इथून धड जात नाही, हे मला इतकं स्पष्ट वाटलं की मी माझ्या घरातली माणसं आठवायला लागले.

तेव्हा उंबऱ्यातून ती बाई बोलली. मोठ्यानं नाही.

"मला तवा कामून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो," डॉक्टर म्हणाले.

"भ्याले तर मी बी व्हते. तुमी मला म्हनले, भिऊ नका ताई, काई व्हत न्हाई."

"हो."

"तवा तुमाला मालूम व्हतं?"

डॉक्टरांना 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. निम्मं ते खरंही होतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा म्हणालो तेव्हा नव्हतं माहीत. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा होतं."

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही.

मग मॅडम उठल्या. पिशवीतून संमतीचा कागद काढून त्यांनी बाईच्या हातात दिला. "माय, ह्याच्यावर सही लागती. पर आज नको करू. रागात केलेली बी खोटी, भिऊन केलेली बी खोटी. आमी कुठं असतो ते मागं लिवलंय. न्हाई करायची तर चुलीत घाल, आमी पुन्हा इचारायला येनार न्हाई."

बाईनं कागद घेतला. दिराकडं न बघताच म्हणाली, "चावी द्या त्यांची. जाऊ द्या."

गावाची शीव ओलांडल्यावर मॅडमनी गाडी थांबवायला लावली. एका बाभळीखाली वाकून त्या भडाभडा ओकल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते. "मला वाटलं, मारतेत आता," त्या म्हणाल्या. गाडीत येऊन बघतो तर डॉक्टर स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होते. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "रडा तुमी. पर गाडी हळू चालवा."

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नकोसे वाटतात. आम्ही गावात जाऊन आल्याचं मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलं. मला ओटीतून काढून जनरल वॉर्डात टाकलं. भूल द्यायला दुसरेच डॉक्टर यायला लागले. मोबाईलवर कुणी काय टिपलं असेल, पोलिसांत तक्रार झाली असेल का, रोज नवी शंका. खाली रिसेप्शनला मोठ्यानं बोलणं ऐकू आलं की वाटायचं, आले. मिस्टर म्हणाले, "नसती आफत कशाला ओढून घेतली?" मी मॅडमना म्हणाले, "मला फार भीती वाटते हो." त्यांनी समजूत घातली नाही. "मला बी," म्हणाल्या. "परवापासून जेवन जाईना." पण रविवार त्यांनी एकही चुकवला नाही. येऊन डाळ पसरायच्या. दुसऱ्या मुलींचे लेख चालूच होते.

सोयाबीन निघाल्यावर एका रविवारी, डॉक्टरही आलेले असताना, जिन्यात पावलं वाजली. नवरा पुढं, मागं कडेवर पोरीला घेऊन ती. मॅडम बाकावरून अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. पळायचं की बसायचं, ते त्यांचं ठरेना.

बाई बसली नाही. डॉक्टरांना म्हणाली, "मला त्या दोनी बाटल्या दाखवा."

डॉक्टरांच्या बॅगेत त्या होत्या. त्या दिवसापासून बॅगेत दोन्ही असायच्या, हे मलाही तेव्हाच कळलं. पोरीला नवऱ्याकडं देऊन बाईनं एकेका हातात एकेक अँप्यूल घेतली, खिडकीशी जाऊन उजेडात धरली. हलवून पाहिली. हात बदलले. मग बारीक अक्षरं एकेक करत वाचायला लागली. तिला वाचता येत होतं, तरी वेळ लागला. नवऱ्यानंही वाकून पाहिलं. "सारख्याच हायत की ह्या," तो म्हणाला.

"मोठ्या डॉक्टरला मालूम व्हतं का?" तिनं विचारलं.

मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी डोळ्यांनीच सांगितलं, बोल.

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

"आनि आता तिथं येगयेगळ्या ठिवतेत का?"

"मला ओटीत जाऊ देत नाहीत आता. मला माहीत नाही."

तिनं ब्लाउजमधून घडी केलेला तो कागद काढला. बाकावर, डाळ जरा बाजूला सारून, सही केली. "माझ्यासारखी दुसरी कुनी त्या टेबलावर बसली असंल आज," ती म्हणाली. "बाटल्या हलवा म्हनावं आधी."

मोठ्या डॉक्टरांसमोर कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ वाचला. वर न बघता विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं तिनं?"

मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "इचारलं सर. तुमाला मालूम व्हतं का मनून. व्हतं, असं सांगितलं आमी."

मोठे डॉक्टर त्या दिवशी मला एकदम म्हातारे दिसले. त्यांनी सही केली. "दवाखान्याचं नाव नको," म्हणाले.

"कुनाचंच नसतंय सर."

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा ते फोनवर ओटीच्या इन्चार्जला सांगत होते, दोन्ही औषधं वेगळ्या कप्प्यात ठेवा, आत्ताच्या आत्ता.

मला मात्र ओटीत परत घेतलं नाही. काही महिन्यांनी मी दुसरीकडं नोकरी धरली. डॉक्टर नांदेडला गेले. लेख आधी एकदा मारला गेला, मग दुसऱ्या जर्नलनं रागावून घेतला आणि शेवटी छापून आला. मी पेढे घेऊन क्लासवर गेले. मॅडमनी हात मागं घेतला. "आधी तिला सांग."

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. लेख आल्याचं सांगितलं. पलीकडं पोरीचा दंगा चालला होता. बाई म्हणाली, "छापून आलं. म्हंजे आता कुनासंग असं व्हनार न्हाई ना?"

मला 'नाही होणार' म्हणायचं होतं. ते अगदी ओठावर आलं होतं. मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला.

"व्हऊ शकतं माय," त्या म्हणाल्या. "कमी व्हईल. पर व्हऊ शकतं."

"बरं," ती बाई म्हणाली. "खरं सांगितलं ते बरं केलं."

फोन ठेवून मॅडमनी पेढा घेतला. निम्मा खाल्ला, निम्मा कागदात बांधून पिशवीत टाकला, आणि नांदेडची बस किती वाजता आहे, ते मला विचारायला लागल्या.